तुझ्या ड्रॉइंगमध्ये हाड कुठे आहे?

मिरजेला मामाकडे गेले तेव्हा पिशवीत आईच्या एमआरआयच्या फिल्म होत्या आणि कापडात गुंडाळलेल्या चार लहानशा वस्तू होत्या. फिल्म मामाला दाखवायला, वस्तू त्याच्याशी भांडायला. मामा चाळीस वर्षं हाडांचा डॉक्टर होता. प्रॅक्टिस आता थांबवली आहे, तरी सकाळी फाटकापाशी एक्सरेचं पाकीट घेतलेलं कुणीतरी उभं असतंच. मी पुण्यात मणक्याची इम्प्लांट बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनचं काम करते. आम्हा दोघांचं काम माणसाच्या पाठीतच एकमेकांना भेटतं, आणि गेली वीस वर्षं आमचं एकमत झालेलं नाही. या वेळी ती पाठ आईची होती.

आई त्र्याहत्तर वर्षांची. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी झिजली आहे, चौथा मणका पाचव्यावरून थोडा पुढे घसरला आहे आणि मागची नसांची वाट चिमटली आहे. पुण्यातल्या सर्जननी सांगितलं होतं, नसांवरचा दाब काढू, स्क्रू आणि रॉडनी मणके धरू, गादीच्या जागी केज बसवू आणि दोन मणक्यांचा एक करू. मी मनातल्या मनात केजचं मापसुद्धा ठरवून टाकलं होतं. आई म्हणाली, "माझ्या भावाला विचारल्याशिवाय नाही."

दुपारी ती आत जरा आडवी झाली. मामानं फिल्म खिडकीच्या काचेला लावली. मी टेबलावर कापड उघडलं. एक पेडिकल स्क्रू, बोटभर रॉड आणि दोन केज: एक पीक नावाच्या प्लास्टिकचा, मातकट रंगाचा, दुसरा टायटॅनियमचा, थरावर थर छापून केलेला, काळपट करडा, आत बारीक जाळी असलेला.

मामा : काम सुंदर आहे तुमचं. सोनाराच्या हातचं वाटावं असं. पण आता मला सांग, 1911 साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी या दोघांनी वेगवेगळ्या रीतीनं मणके जोडून दाखवले. हिब्जनं मणक्यांच्या मागच्या कमानींचंच हाड सोलून, मोडून एकमेकांवर वळवलं. आल्बीनं नडगीचं हाड काढून मणक्यांच्या काट्यांमध्ये रोवलं. मणक्याच्या क्षयाचे रुग्ण होते ते. एक स्क्रू नव्हता. तरी जुळले. कसे?

मी : हाड हाडाला जुळतं, धातू काही जुळवत नाही. एवढं मला कळतं, मामा. पण ते रुग्ण किती महिने प्लास्टरमध्ये पडून असायचे तेही सांग ना.

मामा : महिनोन्महिने. आणि सगळेच जुळायचे असंही नाही.

मी : मग धातूचं काम तेवढंच आहे. ते महिने मणक्यांना हलू द्यायचं नाही. दाव्होसच्या स्टेफान पेरेननं याचा हिशेब मांडून ठेवला आहे. दोन हाडांमधल्या फटीतली ओढाताण साधारण 2 टक्क्यांच्या आत राहिली तर थेट हाड तयार होतं. 10 टक्क्यांपर्यंत कॅलस, म्हणजे जोडणारी कच्ची गाठ, तरी धरतो. त्यापुढे शरीर तिथं हाड करायचं सोडून देतं आणि तंतू विणतं. प्लास्टर बाहेरून धरतं, मध्ये कातडी, चरबी, स्नायू. स्क्रू मणक्याला आतूनच धरतो.

मामा : धरतो. पण किती दिवस? हॅरिंग्टनची गोष्ट तुला ठाऊक असेल, तरी माझ्या तोंडून ऐक. ह्यूस्टनचा पॉल हॅरिंग्टन. महायुद्धानंतरच्या वर्षांत टेक्सासमध्ये पोलिओनं थैमान घातलं होतं. स्नायू गेलेल्या मुलांची पाठ एका अंगाला वाकत जायची, इतकी की फुप्फुसाला जागा उरायची नाही. प्लास्टर घालावं तर श्वास आणखी कोंडायचा. त्यानं स्टीलचा रॉड केला, त्याला वर-खाली आकडे. आकडे मणक्यांत अडकवायचे आणि जॅकसारखा एकेक दात पुढे सरकवत पाठ ताणायची. पहिल्या मुलांमध्ये त्यानं मणके जोडलेच नाहीत. रॉडच पाठ धरून ठेवेल असा भरवसा होता. पाठी सरळ झाल्या, आणि मग आकडे निसटायला लागले, रॉड मोडायला लागले. 1962 साली त्याचा मोठा लेख छापून आला, तोवर त्याला उमगलं होतं की रॉडच्या जोडीला हाडही जुळवावं लागणार. तेव्हापासून आमच्याकडे शर्यतीची भाषा आहे. एकीकडे धातूचा थकवा, दुसरीकडे हाडाचं जुळणं. हाड आधी पोचलं तर तो धातू जन्मभर पाठीत निवांत पडून राहतो. धातू आधी थकला तर मोडतो. मग तो स्टीलचा असो नाहीतर तुझा हा जाळीदार असो.

मी : पण गोष्ट तिथं संपत नाही, मामा. शर्यत जिंकूनही त्यातले कितीतरी रुग्ण हरले. रॉड सरळ होता आणि पाठ ताणत होता, त्यामुळे कमरेचा नैसर्गिक बाक सपाट झाला. मोठेपणी त्यांना ताठ उभं राहता येईना. पुढे झुकून, गुडघे वाकवून चालायचे. हाड छान जुळलेलं, पण चुकीच्या आकारात. कमरेच्या बाकाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग शेवटच्या दोन गाद्यांच्या पातळीवर असतो. आईचा बिघाड नेमका तिथंच आहे. म्हणून हा केज बघ. पुढून उंच, मागून बुटका, पाचरीसारखा. हे काही डिग्र्यांचं गणित चुकलं तर हाड जुळूनही तिची पाठ बिघडेल.

मामानं केज बोटांत धरून खिडकीकडे केला. बराच वेळ फिरवून बघितला. माझा मुद्दा त्याला पटला आहे हे मला कळलं, कारण तो दुसऱ्याच प्रश्नाकडे वळला. पटलं की तो तसंच करतो.

मामा : हे बरोबर टिकेल का, हे तुम्ही कसं तपासता?

मी : स्क्रू-रॉडसाठी ठरलेली चाचणी आहे, एफ1717. दोन ठोकळे घ्यायचे, एक वरचा मणका समजायचा, एक खालचा. मधला मणका काढून टाकलाय असं धरून मोठी फट ठेवायची. चार स्क्रू, दोन रॉड. मग पुढून दाबत राहायचं, दाब-सोड, दाब-सोड, 50 लाख वेळा. सेकंदाला पाच वेळा दाबलं तरी मशीन अकरा-बारा दिवस रात्रंदिवस चालू राहतं. त्यात रॉड किंवा स्क्रू तुटला नाही, तर तेवढ्या भाराला तो उतरला म्हणायचं.

मामा : ठोकळे कसले?

मी : पॉलिएथिलिनचे.

मामा : प्लास्टिकचे.

मी : हो.

मामा : तुझ्या ड्रॉइंगमध्ये हाड कुठे आहे?

मी लगेच बोलले नाही. उत्तर मला ठाऊक होतं, नव्या मुलांना मी ते शिकवते. हाड मुद्दामच काढलेलं आहे. प्रेताच्या मणक्यात चाचणी केली तर प्रत्येक मणका वेगळा, कुणाचा दगडासारखा, कुणाचा भुसभुशीत. मग फरक धातूतला की हाडातला ते कळणार नाही. धातूची धातूशी तुलना करायची तर मधला ठोकळा दर वेळी सारखा हवा. आणि मधला मणका पूर्ण काढून टाकलाय अशी वाईटात वाईट स्थिती धरायची, म्हणजे पुढून कसलाच आधार नसताना टिकलेली रचना आधार असताना टिकेलच. हे सगळं मी मामाला सांगितलं, आणि ते चूक नाही. पण सांगता सांगता लक्षात आलं की आईच्या बाबतीत मी केजचा कोन काढला होता, स्क्रूची लांबी फिल्मवरून मोजली होती, आणि तिचं हाड किती घट्ट आहे हे विचारलंच नव्हतं.

मामा : चूक म्हणत नाही मी. तुम्ही धातू कधी तुटतो ते तपासता. मी चाळीस वर्षांत तुटलेले स्क्रू पाहिले, नाही असं नाही. बहुतेक डोक्याच्या खाली, मानेशी तुटतात. पण म्हाताऱ्या बाईच्या पाठीत स्क्रू तुटलेला मी क्वचितच पाहिला. सैल झालेला पुष्कळदा. एक्सरेत स्क्रूभोवती काळी कड दिसते. धातू शाबूत, हाड हरलेलं.

मी : तिथंही डिझाइनला बोलायला जागा आहे. स्क्रूचा गाभा जाड केला की वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या घनानं वाढते, दीडपट जाडीला तिपटीहून जास्त. पण पेडिकलमधून, म्हणजे मणक्याच्या त्या अरुंद गळ्यातून, ठरावीक जाडीचाच स्क्रू जातो. आतल्या अंगाला नसा आहेत, खालून एक नस बाहेर पडते. मग गाभा जाड ठेवला तर आट्यांची खोली कमी होते आणि हाडावरची पकड जाते. आटे खोल केले तर गाभा बारीक. म्हणून गाभा निमुळता करतात, आत जाईल तसा तो हाड बाजूला दाबत जातो. पेडिकलमधल्या कडक हाडासाठी दाट आटे, आत मणक्याच्या सच्छिद्र हाडासाठी विरळ. यातल्या एकेका तडजोडीसाठी लोकांनी वर्षं घातली आहेत. आणि डोकं कोणत्याही दिशेला फिरतं ते बघ. पूर्वी रॉड वाकवून वाकवून स्क्रूशी जुळवावा लागायचा, आणि वाकवताना पडलेल्या खाचेपासूनच टायटॅनियम थकायला सुरुवात होते. आता डोकं रॉडकडे वळतं.

मामा : आणि रॉड?

मी : रॉडचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. साडेपाच मिलिमीटरचा सव्वासहाच्या थोडा वर नेला की पावणेदोन पटीहून जास्त ताठ.

मामा : मग तो भार कुठं जातो?

मी : स्क्रूच्या मुळाशी.

मामा : म्हणजे हाडात. तेच म्हणतोय. ओल्या भिंतीत खिळा ठोक आणि त्यावर रोज पिशवी अडकव, काढ. खिळा सरळ उपटून येत नाही. वर-खाली हलत राहतो आणि भोक तोंडाशी मोठं होतं. तुमच्या कंपन्या ताकद कुठली सांगतात? उपटायची.

हे खरं आहे. माहितीपत्रकांत स्क्रू फोमच्या ठोकळ्यातून किती जोरानं उपटावा लागतो याचे आकडे मोठ्या अक्षरांत असतात, कारण ते मोजायला सोपे. पाठीतला स्क्रू मात्र सरळ उपटला जाण्याआधी चालण्या-उठण्याबरोबर वर-खाली डुलत सैल होतो. आमच्याकडे आता डुलण्याच्या चाचण्याही करतात, पण आमच्या धंद्यानं सोपा आकडा जास्त मिरवला हे मला मान्य करावं लागलं.

मी : म्हणून तर केज, मामा. पाठीचा बराचसा भार, चार-पंचमांश म्हणतात, पुढच्या खांबातून म्हणजे मणक्यांच्या शरीरांतून आणि गाद्यांतून जातो. पुढे भक्कम टेकू दिला की मागच्या स्क्रूंचं डुलणंच कमी होतं. तुमच्या वेळी मागूनच सगळं धरायचा प्रयत्न व्हायचा.

मामा : आमच्या वेळी पुढून जाऊन क्षयाचा सडलेला मणका काढायचा आणि तिथं बरगडीचं नाहीतर कमरेचं हाड ठेवायचं. तो टेकूच की. रुग्णाचंच हाड होतं ते. फक्त कमरेचं हाड काढलेली जागा मूळ दुखण्यापेक्षा जास्त दिवस दुखायची, ते कबूल.

मी : त्याच दुखण्यातून केज आला. जॉर्ज बॅग्बी, वॉशिंग्टन राज्यातला स्पोकेनचा सर्जन. रुग्णाच्या कमरेला चिरा न देता मणके जोडता येतील का हा त्याचा प्रश्न होता. त्याच वेळी तिथल्या पशुवैद्यांपुढे वेगळीच अडचण होती. काही घोडे मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दबून लडखडतात, चालता चालता पडतात. बॅग्बीनं स्टीलचं भोकं पाडलेलं नळकांडं केलं, मणक्यांमध्ये त्या मापाचं भोक पाडलं आणि ते पाडताना निघालेला हाडाचा चुरा त्याच नळकांड्यात भरून ठोकून बसवलं. घोडे चालायला लागले. 1977 साली अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकलेला सिॲटल स्लू पुढे म्हातारपणी असाच लडखडायला लागला, आणि 2000 साली त्याच्याही मानेत ते बॅग्बीचं नळकांडं बसवलं. माणसांसाठी आटे असलेलं नळकांडं आलं, 1996 साली अमेरिकेत परवानगी मिळाली.

मामा : आणि ते नळकांडं आज कोण वापरतं?

मी : जवळजवळ कुणी नाही. गोल वस्तू सपाट पृष्ठभागावर रेषेतच टेकते, म्हणून ती हाडात रुतली. बाकही देता येत नव्हता. चूक धातूची नव्हती, आकाराची होती. आता रुतण्याचंच बघ. मणक्याची वरची-खालची चकती मधे पातळ असते, कडेला जाड आणि मजबूत. केज त्या कडेपर्यंत पोचला तर तरतो. पण मागून शिरताना नसेच्या बाजूनं जेमतेम बोट जाईल एवढीच वाट मिळते. वाड्याचं दार लहान आणि पलंग मोठा, तशी गत. म्हणून कुणी केज केळ्यासारखा वाकडा केला, आत गेल्यावर वळवून पुढच्या कडेला बसवायला. कुणी आत गेल्यावर उंच होणारा केला. पण उंच करायची यंत्रणा हाडाचा चुरा भरायची जागा खाते, आणि सर्जननं एक फेरा जास्त फिरवला तर चकतीच फोडते. पोटाकडून गेलं तर दार मोठं मिळतं, पलंग अख्खा आत जातो, पण तिथं मोठ्या रक्तवाहिन्या आहेत.

मामा : अक्काच्या वयाला मी पोटातून जाणार नाही.

मी : मीही नाही म्हणणार.

इतक्या वेळात आमचं पहिल्यांदा काहीतरी जुळलं. मामानं चहा टाकला. दोन्ही केज त्यानं शेजारी शेजारी उभे केले होते आणि चहा उकळेपर्यंत तो त्यांच्याकडेच बघत होता.

मामा : या प्लास्टिकवाल्याला आता का नावं ठेवता तुम्ही? दहा-पंधरा वर्षांपूर्वी हाच सगळ्यात चांगला म्हणून तुमचे लोक ट्रे घेऊन फिरत होते.

मी : तो वाईट नाही. त्याचा ताठपणा 3-4 गिगापास्कल. आपल्या बाहेरच्या कडक हाडाचा 15 ते 20, आतल्या सच्छिद्र हाडाचा त्याहून फार कमी. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा 110. कडक वस्तू मऊ हाडाला भार लागू देत नाही, आणि ज्या हाडाला भार मिळत नाही ते विरळ होत जातं. यूलियस वोल्फनं 1892 मध्येच ते सांगून ठेवलंय. म्हणून पीक. शिवाय एक्सरेत तो दिसत नाही.

मामा : तोच त्याचा मोठा गुण. मला आरपार बघता येतं, आत हाड भरतंय की नाही ते. टायटॅनियमच्या पाठीमागं काय चाललंय ते देव जाणे.

मी : पण हाड पीकला चिकटत नाही. पाण्याला दूर ठेवणारा गुळगुळीत पृष्ठभाग. शरीर त्याच्याभोवती तंतूंचं पातळ आवरण विणतं. आतल्या पोकळीतून हाड आरपार गेलं तर ठीक, नाही तर तो नुसता एक ठोकळा. टायटॅनियमची गोष्ट उलटी. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्कनं 1950च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं लहान उपकरण बसवलं होतं, रक्तप्रवाह बघायला. काम झाल्यावर काढायला गेला तर निघेना. हाडानं ते धरून ठेवलं होतं. 1965 साली त्यानंच माणसाच्या जबड्यात पहिलं दाताचं इम्प्लांट बसवलं. आता हा छापलेला केज हातात घे. धातू तोच, पण आत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची छिद्रं. जाळी असल्यामुळे सगळा मिळून तो भरीव टायटॅनियमपेक्षा खूप मऊ आहे, आणि पृष्ठभाग खरखरीत, हाडाच्या पेशींना धरायला जागा देणारा. नखानं घासून बघ.

मामा : (नख घासून) आणि यामुळे रुग्ण जास्त चालतो का?

मी : प्राण्यांमध्ये हाड लवकर धरतं, रुतणंही कमी दिसतंय.

मामा : मी ते विचारलं नाही.

मी : माहीत आहे तू काय विचारलंस.

मामा : रागावू नकोस. मी एकदा पोळलोय म्हणून विचारतो. मार्शल युरिस्टनं 1965 साली दाखवलं की हाडाच्या चुऱ्यातच असं काहीतरी असतं जे नवं हाड उगवून आणतं. केवढा मोठा शोध! पुढं त्यातलं प्रथिन कारखान्यात तयार केलं, 2002 साली केजबरोबर वापरायला अमेरिकेत परवानगी मिळाली. हाड असं भरायचं की बघत राहावं. मग लोकांनी ते मानेत वापरलं, परवानगी नसताना. गळा सुजून श्वास कोंडला. 2008 मध्ये सरकारी इशारा आला. 2011 साली मणक्यांच्या सर्जनांच्याच एका नियतकालिकानं अख्खा अंक काढून लिहिलं की आधीच्या लेखांत दुष्परिणाम नीट सांगितलेच नव्हते. एक्सरे उत्तम दिसत होते गं सगळे. एक्सरे बघून मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

तो गप्प झाला. मी टायटॅनियमचा केज कापडात परत ठेवला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण तरुणपणी वाराणसीच्या एस. एम. तुलींचा मध्यम मार्ग शिकलेला माणूस बोलत होता. मणक्याचा क्षय दिसला की लगेच चाकू नको, आधी औषधं, आणि ज्याला खरी गरज त्यालाच शस्त्रक्रिया, असा तो रस्ता. गरीब रुग्णालयांत त्यानं कितीतरी पाठी वाचवल्या. मामाला धातूचं वावडं नाही. आधी गरज सिद्ध करा, एवढंच तो मागतो.

मामा : आता अक्काचं बघू. तिला जे झालंय, मणका थोडा पुढं आणि वाट अरुंद, नेमकं त्याच्यावर मोठे अभ्यास झालेत. नॉर्वेवाल्यांनी 267 रुग्ण घेतले. अर्ध्यांचा फक्त दाब काढला, अर्ध्यांना दाब काढून मणकेही जोडले. दोन वर्षांनी दोन्हीकडं दहापैकी सातजण ठरल्या मापानं बरे. 2021 साली छापून आलंय. स्वीडनचा 2016चा अभ्यास, 247 लोक, तोही तेच सांगतो.

मी : 2016 सालीच, स्वीडनचा अभ्यास छापणाऱ्याच नियतकालिकात अमेरिकेचाही आला. 66 रुग्ण, लहान आहे, मान्य. पण नुसता दाब काढलेल्यांपैकी 34 टक्क्यांना चार वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागली, जोडलेल्यांपैकी 14 टक्क्यांना. नॉर्वेतही पुन्हा शस्त्रक्रिया न जोडलेल्यांत थोडी जास्तच. आईला पंचाहत्तरीत दुसऱ्यांदा टेबलावर घ्यायचं?

मामा : आणि सैल झालेले स्क्रू काढायला घ्यावं लागलं तर? ते ऑपरेशन पहिल्याच्या दुप्पट. आणि जोडलेल्या मणक्यांच्या शेजारची गादी काय म्हणेल पुढच्या दहा वर्षांत?

मी : मग हलणं राखणारी कृत्रिम गादी म्हणशील.

मामा : नाही म्हणणार. कल्पना देखणी होती. पूर्व बर्लिनची करिन ब्युटनर-यान्झ, 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची सुवर्णपदकं घेतलेली बाई, पुढं डॉक्टर झाली आणि 1980च्या दशकात सहकाऱ्याबरोबर हलणारी गादी केली. पाठ लवचिक राहावी हे जिम्नॅस्टला सुचणारच. पण मागचे सांधे झिजलेले, मणका घसरलेला, तिथं ती बसवायची नसते. अक्काला तो रस्ता बंद.

मी : मग तू काय करशील? तुझी बहीण आहे.

मामा : तीन गोष्टी विचारीन. पहिली, मणका हलतोय का? ही फिल्म झोपवून काढलीय. झोपून मणका कसा आहे ते मला नको. तिला उभं करा, पुढं वाकवा, मागं झुकवा आणि दोन एक्सरे काढा. घसरण बदलत असेल तर तुझे स्क्रू मी मान्य करतो. दुसरी, हाड. हाडाची घनता मोजणारी डेक्सा झालीय?

मी : नाही.

मामा : करा. हाड विरळ निघालं आणि तरी जोडायचंच असेल, तर काही महिने हाड बांधणारं औषध द्या, मग घ्या. स्क्रूच्या छिद्रांतून सिमेंट सोडता येतं, मला माहीत आहे. पण ते शिरेतून फुप्फुसात गेलेलंही मला माहीत आहे.

मी : आणि तिसरी?

तेवढ्यात आई बाहेर आली. नेहमीसारखी ओट्याला दोन्ही कोपरं टेकून, पुढं झुकून उभी राहिली. तिनं टेबलावरचा स्क्रू उचलला, वजन बघितलं.

आई : हा जाणार का माझ्या पाठीत? जड नाही दिसत.

मामा : अक्का, तू चालतेस किती?

आई : गल्लीच्या तोंडापर्यंत. मग पाय भरून येतात, शिसं ओतल्यासारखे. कुणाच्या तरी स्कूटरला टेकते, वाकून उभी राहते, की परत मोकळे.

मामा : आणि कंबर?

आई : कंबर सकाळी उठताना जरा धरते. ती आता इतक्या वर्षांची सवयीची झाली. मला बाजारापर्यंत एका दमात जायचंय, बाकी काही नाही. पाय बरे करा.

मामानं माझ्याकडे पाहिलं. कंबर की पाय, हीच तिसरी गोष्ट होती. सहा महिने मी फिल्म घेऊन हिंडत होते आणि हे तिला विचारलं नव्हतं. पायांचं दुखणं नसांचं असतं, ते दाब काढल्यानं जाऊ शकतं. कंबरेचं दुखणं मुख्य असतं तर मणके जोडण्याचा विचार जास्त जोरानं करावा लागला असता. मला अजूनही वाटतं की मणका हलत असेल तर तो धरलाच पाहिजे, आणि धरायचा तर बाक राखणारा, कडेपर्यंत पोचणारा केजच हवा. ते मी मामाला सांगितलं. त्यानं मान हलवली, नाही म्हणाला नाही.

मी वही काढली आणि केजच्या मापांच्या वर दोन ओळी लिहिल्या. उभं राहून, पुढे-मागे वाकून एक्सरे. डेक्सा. मग पुण्याच्या सर्जनना फोन लावला.

"उद्याच होईल का?" आईनं विचारलं. स्क्रू अजून तिच्या हातात होता.

"एक्सरे इथंच होईल, सकाळी," मामा म्हणाला. "आणि वाकताना मी तुझ्या शेजारी उभा असेन."